मैदानाचा नियम आणि दरवाजाचा नियम

गोल्फचे नियम सेंट अँड्र्यूजची ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून ठरवतात. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असू नये, खेळाडूच्या पिशवीत १४ पेक्षा अधिक काठ्या असू नयेत, इतक्या बारकाईने हे नियम लिहिलेले आहेत. २०१९ मध्ये त्यांची नव्याने मांडणी झाली आणि ३४ नियमांचे २४ झाले. या नियमांत खेळाडूने कोणते कपडे घालावेत हे सांगणारा एकही नियम नाही. शर्टाला कॉलर हवी, शर्ट आत खोचलेला हवा, जीन्स चालणार नाही, चप्पल घालून क्लबहाऊसमध्ये येता येणार नाही, ही सगळी बंधने क्लबांनी आपापल्या आवारापुरती घातलेली आहेत. खेळासाठी असलेला नियम आणि दरवाजावर माणूस निवडण्यासाठी असलेला नियम हे दोन वेगळे नियम आहेत, हे एकदा मान्य केले की या बंधनांपैकी कोणती ठेवावीत आणि कोणती टाकावीत हे ठरवणे फारसे कठीण राहत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नियमांचा काळ संपला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात गोल्फ हा चौकाचौकात बोलला जाणारा खेळ नाही. येथे चर्चा रंगते ती कुस्तीची आणि फुटबॉलची. तरीही हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे. शहरात आणि उपनगरांत जिम, जलतरण तलाव, टर्फ आणि मोठ्या गृहसंकुलांची क्लबहाऊस उभी राहत आहेत, आणि त्यांच्या प्रवेशद्वारावर लागणारी सूचनांची पाटी बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या जुन्या क्लबांवरून उतरवून घेतलेली असते. त्या क्लबांनी ती विलायतेतून आणली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या एका परक्या समाजाची शिष्टाचाराची कल्पना अशी दोन हात बदलून आपल्याकडे येते, आणि तिच्यामागचे कारण विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

पेहरावाला नियमच नको, असे मला म्हणायचे नाही. खेळ आणि कपडे यांचे नाते या गावाने फार जवळून पाहिलेले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. नेमबाज जे जाड जाकीट घालतो, त्याची स्पर्धेआधी तपासणी होते. कापडाच्या एका पदराची जाडी २.५ मिलिमीटरच्या आत असावी लागते आणि ते किती ताठ आहे हेही यंत्राने मोजले जाते, कारण ताठ जाकीट शरीराला आधार देते आणि आधार मिळालेल्या शरीराची रायफल कमी हलते. २०१० मध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी तेजस्विनी सावंतही याच तपासणीतून गेलेली आहे. आपला जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला, तो काळ अंगभर पोशाख घालून पोहण्याचा होता. त्या पोशाखांमुळे २००९ च्या रोममधील जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले गेले, आणि १ जानेवारी २०१० पासून ते बंद झाले. शाहू स्टेडियमवर सामना सुरू होण्यापूर्वी पंच खेळाडूंचे स्टड आणि नडगीचे पॅड पाहतो, गळ्यातील साखळी काढायला लावतो. या कोणत्याही नियमावर कधी रोष व्यक्त झालेला मला आठवत नाही. कारण विचारले तर ते एका वाक्यात सांगता येते, आणि ते ऐकणाऱ्याला पटते.

तालमीतला नियम तर याहून कडक आहे. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून मुरवलेल्या लाल मातीच्या हौद्यात पायताण घालून कोणी उतरत नाही. आत जाणारा मातीला हात लावून तो कपाळी लावतो, कमरेला लंगोट आवळतो, बोटातली अंगठी काढून ठेवतो. सैल कापड प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागते, अंगठीने कातडे फाटते, बाहेरची घाण मातीत आली तर उघड्या अंगाला त्रास होतो. हे सगळे नियम त्या मातीतून आणि त्या पकडीतून आलेले आहेत. बागायतदाराचा मुलगा आणि त्याच्याच शेतावर मजुरी करणाऱ्याचा मुलगा हौद्यात उतरला की दोघांच्या अंगावर सारखेच कापड असते, आणि वस्ताद दोघांना सारखाच दम देतो. तालमीचे सगळेच निर्दोष होते असे नाही. तिचा उंबरा स्त्रियांना कित्येक पिढ्या बंद होता, आणि कोल्हापूरच्या मुली मॅटवर पदके मिळवू लागल्या तेव्हाही त्यांच्या कुस्तीच्या पोशाखावर गावागावांतून कुजबुज झालीच. पण ती कुजबुज करणाऱ्यांना खेळातले कारण एकही देता आले नाही, हेही तितकेच खरे.

गोल्फमध्येही कारण सांगता येईल असे नियम आहेत. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर गोल्फ खेळणाऱ्याला आजही लाल रंगाचा सदरा किंवा स्वेटर घालावा लागतो. ती जागा सर्वांसाठी खुली असलेली सार्वजनिक जमीन आहे. फिरायला आलेल्या माणसाला समोरून चेंडू येऊ शकतो याची सूचना दुरूनच मिळावी, हा त्या लाल रंगाचा उद्देश. बुटांचेही तसेच. धातूचे खिळे असलेल्या बुटांनी ग्रीनवरचे, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात टाकायचा त्याच्या भोवतीचे, बारीक कापलेले गवत उखडते आणि चेंडूची वाट वाकडी होते, म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस क्लबांनी एकामागून एक प्लास्टिकचे मऊ स्पाइक सक्तीचे केले. हा नियम कितीही कडक असला तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

कॉलरचे, जीन्सचे आणि हाफ पँटचे समर्थन असे करता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडचे सुखवस्तू गृहस्थ टाय आणि लोकरी कोट घालून गोल्फ खेळत, कारण ते त्यांचे नेहमीचे फिरण्याचे कपडे होते. थंड आणि ओल्या हवेत ते सोयीचेही होते. ती सवय पुढे रीत झाली आणि रीतीचा नियम झाला, तोपर्यंत ती हवाही मागे पडली होती आणि ते गृहस्थही. जीन्स मूळची खाणीत आणि कारखान्यात काम करणाऱ्याची, म्हणून ती वर्ज्य झाली. बुद्धिबळासारख्या बैठ्या खेळातही हा आकस पोहोचला: डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक रॅपिड स्पर्धेत मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला म्हणून त्याला २०० डॉलर दंड झाला, कपडे बदलायला त्याने नकार दिल्यावर त्याला पुढच्या फेरीत खेळवले नाही आणि त्याने स्पर्धा सोडली. संघटनेने नियम सैल केल्यावर तो ब्लिट्झ स्पर्धेसाठी परतला. नियम सैल झाल्याने पटावरची एकही खेळी बदलली नाही.

हाफ पँटची हकिकत मला सर्वांत बोलकी वाटते. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेत १९९९ मध्ये कडक उन्हाळ्यात एक कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा, मैदानावरच कोसळला, आणि त्यानंतर कॅडींना हाफ पँट घालण्याची मुभा मिळाली. खेळाडूंना ती मिळायला २०१९ साल उजाडले, आणि तीही केवळ सरावाच्या आणि हौशी खेळाडूंबरोबरच्या फेऱ्यांपुरती. म्हणजे जवळपास वीस वर्षे, त्याच उन्हात, त्याच गवतावर, पिशवी वाहणाऱ्याचे पाय उघडे चालत होते आणि काठी फिरवणाऱ्याचे चालत नव्हते. उन्हाचा, गवताचा, सुरक्षिततेचा कोणताही हिशेब या फरकाला लागू पडत नाही. कोण मालक आणि कोण चाकर हे लांबूनही कळावे, एवढेच काम तो नियम करत होता.

भारतात आल्यावर हा नियम अधिक बोचरा झाला, कारण येथे मालक परका होता. ब्रिटनबाहेरचा पहिला गोल्फ क्लब १८२९ मध्ये कलकत्त्यात निघाला. मुंबईत भारतीयांना आणि युरोपियनांना एकत्र बसता यावे म्हणून लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ मध्ये विलिंग्डन क्लब काढला. त्या काळात ते पुरोगामी पाऊल होते. त्याच क्लबात १९८८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर चार दशकांनी, एम. एफ. हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना चेपॉकच्या क्रिकेट क्लबात एका पुस्तक प्रकाशनाला आले असताना वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसल्याच्या कारणावरून दारातच अडवले. तमिळनाडू विधानसभेने मात्र हे प्रकरण निषेधावर थांबू दिले नाही. त्याच वर्षी कायदा करून क्लबांना आणि संस्थांना पारंपरिक भारतीय पोशाखावर बंदी घालण्यास मनाई केली, आणि ती मोडल्यास परवाना रद्द करण्याची, कैदेची आणि दंडाची तरतूद केली. महाराष्ट्रात असा कायदा नाही. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात जेवणासाठी निमंत्रित म्हणून आलेल्या मेघालयातील एका खासी महिलेला तिच्या पारंपरिक जैनसेममुळे टेबलावरून उठायला सांगण्यात आले; हा पोशाख मोलकरणीसारखा दिसतो, असे कारण दिले गेल्याचे तिने आणि तिच्या यजमानांनी सांगितले. त्या कारणात पेहरावाच्या नियमाचा सगळा अर्थ उघडा पडला. कापड स्वच्छ होते, अंगभर होते, समारंभाला शोभणारे होते. आक्षेप होता तो असे कापड नेसणाऱ्या माणसांच्या जगाला.

माझ्या परिचयातील करवीर तालुक्यातल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्यावर अशीच वेळ आली होती. मुलाच्या कंपनीचा समारंभ एका मोठ्या शहरातील क्लबात होता आणि हे मुद्दाम परीटघडीचे धोतर, नेहरू शर्ट, जरीचा फेटा आणि नवे कापशी पायताण घालून गेले होते. दारावरचा रक्षक साताऱ्याकडचा निघाला. त्याने त्यांना बाजूला घेतले आणि अतिशय अवघडून सांगितले, “आबा, रागावू नका, पण वरनं तशी ऑर्डर हाय. चपलेवर आत सोडता येत न्हाई.” त्याच्या स्वतःच्या घरी वडीलधारी माणसे काय घालत असतील, हे दोघांनाही ठाऊक होते. नियम ठरवणारी समिती त्या क्षणी तेथे नव्हती, ती कधीच नसते. तिचा निर्णय तोंडावर सांगण्याचे काम आवारातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे असते, आणि अपमान ज्याचा होतो तो आणि जो करतो तो, असे दोघेही त्यात खाली मान घालतात. आबा परत फिरले नाहीत. मुलाने गाडीतले आपले जुने बूट आणून दिले आणि दोन मापे मोठे असलेले ते बूट घालून आबा संध्याकाळभर एका खुर्चीवर बसून राहिले.

या पायताणाविषयी कोल्हापूरच्या माणसाने दोन शब्द अधिक बोलले तर ते रास्तच आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, हाताने घातलेली शिवण, पट्ट्यावरची बारीक वेणी आणि चालताना येणारी करकर, अशी ही वस्तू महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या नावे २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसलेली आहे. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीच्या मिलानमधील पुरुषांच्या पोशाखाच्या प्रदर्शनात तशाच घडणीची पादत्राणे झळकली, आणि कोल्हापूरच्या कारागिरांचा उल्लेख नाही म्हणून गदारोळ झाल्यावर आपली प्रेरणा या पारंपरिक चपलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. त्या वेळी आपण सारे एका सुरात बोललो. आपल्याच देशातील क्लबांच्या पाट्यांवर ‘चप्पल घालून प्रवेश नाही’ असे सरसकट लिहिलेले असते, त्यावर मात्र असा आवाज उठलेला मी ऐकला नाही. चप्पल लाईनमधल्या कारागिराच्या हाताला मान द्यायचा, तर त्याने घडवलेली वस्तू क्लबहाऊसच्या फरशीवर चालली पाहिजे.

या मताविरुद्ध जो युक्तिवाद मला खरोखर वजनदार वाटतो, तो क्लबवाल्यांकडून क्वचितच येतो. तो असा, की नीटनेटक्या, औपचारिक पोशाखाने दबलेल्या माणसाला ताठ उभे राहण्याचे बळ दिलेले आहे. मार्च १९२० मध्ये करवीर संस्थानातील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या तरुण विद्वानाकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी असे सांगितले, ते डॉ. आंबेडकर पुढे आयुष्यभर सुटाबुटात वावरले, आणि त्या पोशाखाचा अर्थ त्यांच्या समाजाने बरोबर ओळखला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, गळ्यातले आणि हातातले ओझे उतरवा, स्वच्छ राहा. कपडे क्षुल्लक असतात असे म्हणणाऱ्याला हा इतिहास पुरेसे उत्तर देतो. ज्यांच्या पूर्वजांनी काय नेसावे आणि किती नेसावे हे दुसऱ्यांनी ठरवले होते, त्यांच्यासाठी इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट ही मिळवलेली गोष्ट आहे.

हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याच कारणाने दरवाजाचा नियम मला अधिक अमान्य आहे. महाडला जे सांगितले गेले त्याचा गाभा असा होता, की अंगावरच्या कापडावरून तुमची पायरी ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती राहू देऊ नका. क्लबची पाटी नेमका तोच अधिकार स्वतःकडे घेते. सूट घालणाऱ्याचा मान सूट घालण्याच्या त्याच्या निर्णयात आहे. तो घातल्याशिवाय खुर्ची मिळणार नाही असे ठरले, की तोच सूट भाड्याने आणावा लागणारा गणवेश होतो. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, धर्मशाळा आणि पाणवठे सर्वांना खुले करणारे हुकूम काढले, आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. कोणी कसे दिसावे याची अट त्या हुकमांत नव्हती.

क्लब ही खासगी संस्था आहे आणि आपल्या घरात कसे वागावे हे सभासद ठरवतील, असेही म्हटले जाते. संस्था काढण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेले आहे आणि ते मोलाचे आहे. पण १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा येथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणालाही अडवण्यास मनाई केल्यानंतर, जे उघडपणे बोलता येत नाही ते कपड्यांच्या नावाने बोलण्याची सोय पेहरावाच्या नियमाने करून ठेवली आहे, ही गोष्ट डोळ्याआड करून चालणार नाही. शिवाय अनेक जुने क्लब सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभे आहेत. दिल्ली गोल्फ क्लब त्यांपैकीच एक. शहराच्या मध्यभागी सर्वांच्या मालकीची जमीन वापरणाऱ्या संस्थेला ‘आमचे घर, आमचा कायदा’ हे वाक्य शोभत नाही.

नियम सैल केला तर लोक काहीही घालून येतील, ही भीती फारशी विचारात घेण्याजोगी नाही. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या पोशाखाचा हट्ट धरणाऱ्या स्पर्धेनेही महिला खेळाडूंची मासिक पाळीतली अडचण ऐकून २०२३ पासून त्यांना आत गडद रंगाची चड्डी घालू दिली, आणि विम्बल्डन होते तसेच राहिले. गोल्फचे म्हणाल, तर शिवशंकर प्रसाद चौरसिया हा रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा तेथेच खेळ शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे त्याने इंडियन ओपन जिंकली. अशा घरांतून खेळाडू यायचे असतील, तर त्यांना पहिल्या दिवशी कॉलरवरून परत पाठवणे खेळालाच परवडणारे नाही.

म्हणून कोल्हापुरात ज्या नव्या जागा निघत आहेत, त्यांच्या कार्यकारिणीपुढे माझे मागणे साधे आहे. मैदानावर, तलावात, जिममध्ये खेळाला आणि सुरक्षिततेला लागतात ते नियम ठेवावेत आणि ते कडकपणे पाळून घ्यावेत. टर्फवर योग्य बूट आणि तलावात पोहण्याचा पोशाख सर्वांना सक्तीचाच असावा. प्रत्येक नियमासमोर त्याचे कारण त्याच पाटीवर छापावे, आणि ज्याच्यासमोर कारण लिहिता येणार नाही तो नियम काढून टाकावा. बैठकीच्या आणि जेवणाच्या खोलीत स्वच्छतेखेरीज दुसरी अट नसावी, आणि धोतर, लुगडे, फेटा, पायताण चालते हे शब्दांत लिहावे, म्हणजे दारावरच्या माणसाला अंदाजाने कोणाचा पाणउतारा करावा लागणार नाही. पाहुण्याविषयी शंका असेल, तर ती समितीच्या हजर सभासदाने स्वतः येऊन सांगावी. रक्षकाच्या तोंडून सांगू नये. या बदलाला बांधकाम लागत नाही, निधी लागत नाही, सरकारी परवानगी लागत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक सूचक आणि एक अनुमोदक उभा राहिला, तर हा ठराव त्याच दिवशी मंजूर होऊ शकतो.